वर्गातली पाहुणी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



गेल्या महिन्यात आपल्या चिटणीसबाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "वर्धापनदिनाला यंदा तुम्ही बोलायचे." मी म्हटले, "अहो, मी शाळेत चौतीस वर्षे मुलांना गप्प बसवण्याचे काम केले. बोलण्याचा अनुभव तो एवढाच." त्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही अमेरिकेत नातीबरोबर वकिलीच्या वर्गात जाऊन बसलात ना, तेच सांगा. आपल्यापैकी कितीतरी जणींची नातवंडे तिकडे आहेत. आणि आपल्या गल्लीतल्या दोन मुली इथे कायद्याच्या प्रवेशपरीक्षेला बसताहेत. त्यांना उपयोग होईल." तेव्हा आजचा विषय असा आहे : आपण ज्या वर्गाचे अजून विद्यार्थी नाही, त्या वर्गात पाहुणे म्हणून बसायचे असेल तर कसे बसावे.

विषय ऐकून काही जणी हसल्या, ते मी पाहिले. बसायचे त्यात शिकायचे काय? मलाही असेच वाटत होते. पण त्या दोन दिवसांत मी दोन चुका केल्या आणि एक गोष्ट शिकले. त्या क्रमानेच सांगते.

आधी तिथली पद्धत सांगायला हवी, म्हणजे पुढचे नीट कळेल. अमेरिकेत कायद्याचे शिक्षण पदवीनंतर घेतात. चार वर्षे कॉलेज, मग तीन वर्षे कायदा. या पदवीला तिथे जे. डी. म्हणतात. प्रवेशासाठी बहुतेक जण एल्सॅट नावाची परीक्षा देतात, निबंध लिहितात, शिफारसपत्रे जोडतात. उत्तरे हिवाळ्यापासून येऊ लागतात आणि ज्यांना दोनतीन ठिकाणी प्रवेश मिळतो, त्यांना वसंत ऋतूत कोणत्या तरी एका जागी पैसे भरून होकार द्यावा लागतो. हा होकार साधा नव्हे. अनेक खाजगी विद्यापीठांत नुसती शिकवणीची फीच वर्षाला ६०,००० डॉलरच्या वर जाते. राहणे, जेवण, पुस्तके निराळी. बहुतेक मुले कर्ज काढतात आणि ते पुढे कित्येक वर्षे फेडत राहतात. आपण पातळ घेताना चार दुकाने हिंडतो, पदर उलगडून पाहतो. मग तीन वर्षे आणि एवढे कर्ज जिथे घालायचे, ते ठिकाण आधी डोळ्यांनी पाहावे हे योग्यच. म्हणून तिथली पुष्कळ कायदेविद्यालये उमेदवारांना सांगतात की या, आणि आमच्या पहिल्या वर्षाच्या एखाद्या वर्गात तासभर बसून पाहा.

माझ्या थोरल्या मुलीचे बिऱ्हाड न्यू जर्सीत आहे. तिची मुलगी, म्हणजे माझी नात, तिथेच जन्मली आणि वाढली. तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. एक विद्यालय फार नामांकित, दुसरे जरा कमी. घरातल्या सर्वांचे मत पहिल्याकडे. नात मात्र काही बोलेना. तिची परवानगी घेऊनच सांगते, ती लहानपणापासून बोलताना चाचरते. घरात फारसे जाणवत नाही, पण चारचौघांत कुणी एकदम काही विचारले की पहिला शब्द घशात अडकतो. अशा मुलीने वकिली शिकायची म्हणजे धाडसच, आणि ते धाडस तिने आपले आपण केले होते. पण तिला एक भीती होती, आणि त्या भीतीचे कारण तिथल्या शिकवण्याच्या रीतीत आहे.

ती रीत दीडशे वर्षांची आहे. १८७० साली हार्वर्डच्या कायदेविद्यालयाची सूत्रे क्रिस्टोफर लँगडेल यांच्याकडे आली. प्राध्यापकाने व्याख्यान द्यावे आणि मुलांनी ते उतरवून घ्यावे, ही जुनी चाल त्यांनी मोडली. न्यायालयांचे खरेखुरे निकाल मुलांनी घरी वाचून यायचे आणि वर्गात प्राध्यापकाने प्रश्न विचारत त्यातला नियम मुलांकडूनच काढून घ्यायचा, अशी पद्धत त्यांनी सुरू केली. करारविषयक निकालांचे त्यांचे पुस्तक १८७१ साली निघाले. पुढे ही पद्धत अमेरिकेत सगळीकडे पसरली. आजही पहिल्या वर्षाच्या वर्गात साठसत्तर, कधी त्याहून अधिक मुले असतात. प्राध्यापकांपुढे नकाशा असतो, त्यात कोण कुठे बसले आहे ते लिहिलेले असते, पुष्कळदा फोटोसुद्धा. ते नकाशावर नजर टाकतात आणि कुणाचेही नाव घेतात. हात वर केलेला असो वा नसो. याला तिथे कोल्ड कॉल म्हणतात. मग त्या मुलाने भर वर्गात सांगायचे, खटला काय, वाद कशावर, न्यायालयाने काय ठरवले आणि का. एकदोन प्रश्नांवर सुटका होत नाही. कधी कधी दहापंधरा मिनिटे त्याच एकाला पुढचे पुढचे प्रश्न विचारीत राहतात.

आता माझ्या नातीला कसली भीती होती, ते तुमच्या ध्यानात आले असेल. शब्द अडकला तर त्या वर्गात काय होते, हे तिला पाहायचे होते. माहितीपुस्तकात ते छापलेले नसते.

२०२३ च्या मार्च महिन्यात मी लेकीकडे होते. नात पहिले विद्यालय पाहायला निघाली, तशी मीही पातळ बदलून तयार झाले. ती म्हणाली, "आजी, तुझे नाव मी त्यांना कळवलेले नाही." मी म्हटले, "अगं, आजीला कोण अडवणार आहे? मी एका कोपऱ्यात बसेन." ही माझी पहिली चूक. कार्यालयातल्या बाई अतिशय सौम्यपणे बोलल्या, पण म्हणाल्या, "वर्गात आज एकाच पाहुण्याची सोय केली आहे. प्राध्यापकांनाही तेवढेच कळवले आहे." झाले. नात आत गेली आणि मी तासभर बाहेरच्या बाकावर बसून राहिले. राग आला होता, खोटे कशाला सांगू. पण बसल्या बसल्या आठवले की माझ्या शाळेत एखादी आई न सांगता वर्गात येऊन बसली, तर मी काय करीत होते? मी तिला व्हरांड्यात बसवीत होते.

म्हणून पहिला नियम : आधी कळवावे. विद्यालयाच्या प्रवेश कार्यालयाला निदान आठदहा दिवस अगोदर लिहावे. कोणत्या विषयाचा वर्ग पाहायचा आहे, किती जण येणार, सोबत वडीलधारे कुणी असेल तर त्यांना बसता येईल का, सारे स्पष्ट विचारावे. कार्यालय नाही म्हणाले तर ते मानावे. आईबापांनी आणि आजीआजोबांनी मुलांच्या मागे मागे वर्गापर्यंत जाऊच नये, हे खरे तर उत्तम. मुलगी बावीसतेवीस वर्षांची आहे. उद्या तिलाच तिथे एकटीने बसायचे आहे. दिवस निवडतानाही विचार करावा. सत्राचा पहिला आठवडा नको, मुले अजून गोंधळलेली असतात. परीक्षेच्या तोंडावरचे दिवस नकोत, तेव्हा सारे चिंतेत असतात. तिथे बऱ्याच विषयांत सत्राच्या अखेरीला एकच मोठी परीक्षा असते आणि बहुतेक गुण तिच्यावरच. शुक्रवारी पुष्कळ ठिकाणी तास कमी असतात. आठवड्याच्या मधला दिवस बरा.

नात तासानंतर बाहेर आली ती गप्पच होती. परतीच्या आगगाडीत तिने सांगितले की एका मुलाला प्रश्न विचारला, तो अडला आणि प्राध्यापकांनी क्षणभरही न थांबता दुसऱ्याचे नाव घेतले. ती मागे बसली होती. तिच्या पुढे सगळ्यांचे संगणक उघडे. अडलेल्या मुलाविषयी दोघांनी एकमेकांना काहीतरी लिहिले आणि ते हसले. तेवढेच. एका तासावरून एखाद्या संस्थेला नावे ठेवू नयेत. तो प्राध्यापकांचा वाईट दिवस असेल, किंवा त्या मुलाने खरेच काही वाचले नसेल. मी नातीला तसे बोललेही. ती म्हणाली, "हो आजी, मलाही तेच वाटते. पण मी ते पाहिले ना."

पुढच्या बुधवारी दुसरे विद्यालय. या वेळी नातीने पत्रातच विचारले होते की आजीला मागे बसता येईल का, आणि प्राध्यापकांची हरकत नाही असे उत्तर आले होते. आम्ही वीस मिनिटे आधी पोचलो. वर्ग रिकामाच होता. नात प्राध्यापकांची वाट पाहत दाराशी थांबली, आणि मी चांगली मधल्या रांगेतली, फळा दिसेल अशी जागा धरून बसले. मुले येऊ लागली. एक उंच मुलगा माझ्याजवळ येऊन उभाच राहिला. काही बोलेना, फक्त हसला. तेवढ्यात नात धावत आली आणि कानात म्हणाली, "आजी ऊठ, इथे प्रत्येकाची जागा ठरलेली असते. ती त्याची आहे." मी उठले. म्हणजे पाहुणा रिकाम्या खुर्चीवर बसला, तरी कुणाची तरी जागा घेतलेली असते. प्राध्यापकांकडे जावे, आपले नाव सांगावे, एका वाक्यात आभार मानावे आणि विचारावे, कुठे बसू? ते बहुधा शेवटची रांग किंवा कडेची खुर्ची दाखवतात. तिथे बसावे.

बाकीचे बारीकसारीक नियम नातीने मला रात्रीच घोकून घेतले होते. भ्रमणध्वनी पूर्ण बंद. फोटो काढायचे नाहीत. कुणाचे बोलणे ध्वनिमुद्रित करायचे नाही. कारण मुले तिथे चुकत चुकत शिकत असतात आणि त्यांची चूक आपल्या खिशातून बाहेर जाणे बरे नव्हे. काही प्राध्यापक वर्गात संगणक उघडू देत नाहीत, म्हणून पाहुण्याने वही आणि पेन घेऊन जावे. पुढच्यांच्या पडद्यावर डोकावू नये. तास अर्धा झाल्यावर उठून जाऊ नये, कंटाळा आला तरी. तिथली मुले वर्गात कॉफी पितात, ती त्यांची मुभा. पण पाहुण्याने डबा उघडू नये. माझ्या पिशवीत मेथीचे पराठे होते आणि तास बाराचा होता, म्हणून हे मुद्दाम सांगते. आणि सर्वांत महत्त्वाचे, हात वर करायचा नाही. उत्तर येत असले तरी नाही. तो वेळ ज्यांनी फी भरली, रात्र जागून वाचले, त्यांचा आहे. प्राध्यापकांनी आपणहून काही विचारले तर दोन वाक्यांत उत्तर द्यावे आणि थांबावे. माहीत नसेल तर तसे सांगावे.

हे सगळे मला पाठ होते. तरीही मी चुकले, कसे ते ऐका.

त्या दिवशी खटला होता हॅडले विरुद्ध बॅक्सेंडेल. १८५४ सालचा, इंग्लंडमधला. आपल्याला सहज कळेल असाच आहे, कारण तो पिठाच्या गिरणीचा आहे. ग्लॉस्टर गावात हॅडले यांची गिरणी होती. तिच्या वाफेच्या इंजिनाचा दांडा मोडला. नवा दांडा करायचा तर जुना नमुन्यासाठी ग्रीनिचला कारखानदारांकडे पाठवणे भाग होते. म्हणून तो माल वाहणाऱ्या कंपनीकडे दिला. त्यांनी तो पोचवायला उशीर केला, आणि तितके दिवस गिरणी जास्त बंद राहिली. गिरणीवाले म्हणाले, आमचा बुडालेला नफा भरून द्या. न्यायालयाने सांगितले, तसे नाही. करार मोडल्याने नेहमीच्या व्यवहारात जे नुकसान आपोआप होते ते द्यावे लागेल. किंवा करार करताना दोघांच्याही डोळ्यांपुढे जे नुकसान होते ते. दांड्यावाचून तुमची गिरणी बंद पडली आहे, हे माल नेणाऱ्याला कसे कळावे? तुमच्याकडे दुसरा दांडाही असू शकला असता.

प्राध्यापकांनी नकाशा पाहिला आणि एका मुलीचे नाव घेतले. तिने वर सांगितले ते सारे नीट सांगितले. मग ते म्हणाले, "ठीक. पण खटल्याच्या वृत्तांताच्या आरंभी तर लिहिले आहे की गिरणी बंद आहे आणि दांडा ताबडतोब पाठवायचा आहे, असे कंपनीच्या कारकुनाला सांगितले होते. मग न्यायालय असे कसे म्हणते?"

मुलगी अडली. पाने उलटू लागली. वर्गात अगदी शांतता. पाच सेकंद गेले, दहा गेले. मी पाहिले, माझ्या नातीने बाकाची कड घट्ट धरली होती. आणि भगिनींनो, मी चौतीस वर्षांची मास्तरीण. पोर अडली की माझा जीव राहत नाही. माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेले, "अगं, घाई करू नकोस, बघ नीट." तेही मराठीत! साठ माना मागे वळल्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले मला. नातीने माझा हात दाबला.

प्राध्यापकांनी मागे पाहिले, किंचित हसले आणि पुन्हा त्या मुलीकडे वळून शांत उभे राहिले. त्यांनी दुसऱ्याचे नाव घेतले नाही. शेजारच्या मुलानेही उत्तर पुढे सरकवले नाही. सारे थांबले होते. मग मुलीने एका ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाली, "निकालपत्रात न्यायाधीश फक्त दोनच गोष्टी सांगितल्या होत्या असे धरतात. वस्तू गिरणीचा मोडका दांडा आहे, आणि पाठवणारे गिरणीवाले आहेत. गिरणी बंद आहे, हे कळवले असे ते धरतच नाहीत." प्राध्यापक म्हणाले, "बरोबर. म्हणजे वृत्तांत एक सांगतो आणि निकाल दुसरे. आता आपण कशाला धरून चालायचे?" आणि चर्चा पुढे सरकली.

एकूण अर्धापाऊण मिनिट गेले असेल. पण नातीला जे पाहायचे होते ते तिने त्या अर्ध्या मिनिटात पाहिले. आणि ते तिला दिसले, याचे कारण ती मागे गप्प बसली होती. तिने हात वर केला असता, दोन हुशारीचे प्रश्न विचारले असते, तर वर्गाने पाहुणीपुढे आपला चांगला चेहरा धरला असता. पाहुणे आले की आपणही बैठकीची चादर बदलतो. पाहुणा गप्प बसला, आहे की नाही हे विसरायला लावू शकला, तर त्याला घर रोजच्या कपड्यांत दिसते. मी मध्ये बोलले तेव्हा ते क्षणभर मोडलेच होते. प्राध्यापक शांत होते म्हणून निभावले.

इथे थोडे विषयांतर करते, अध्यक्षबाई क्षमा करतील. बायकांना कायद्याच्या वर्गात पाहुणी म्हणून बसणे काही नवे नाही. नवे आहे ते विद्यार्थिनी म्हणून बसणे. कॉर्नेलिया सोराबजी आपल्या नाशिकच्या. जन्म १८६६ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ साली त्यांनी कायद्याची बी. सी. एल. परीक्षा दिली, तीही विद्यापीठाने खास ठराव केला म्हणून पुरुषांबरोबर बसता आले. परीक्षा दिली, पण पदवी नाही. ती हातात पडली १९२२ साली, तीस वर्षांनी. आपल्या देशात बाईने वकिली करायला बाईपणाची आड येऊ नये, असा कायदा १९२३ चा.

अमेरिकेतही फार निराळे नव्हते. ज्या हार्वर्डमधून ही प्रश्नोत्तरांची रीत निघाली, तिथल्या कायदेविद्यालयात मुलींना प्रवेश मिळाला १९५० साली, म्हणजे रीत सुरू झाल्यावर ऐंशी वर्षांनी. रूथ बेडर गिन्सबर्ग, ज्या पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाल्या, त्या १९५६ साली तिथे गेल्या तेव्हा पाचशेच्या वर मुलांत मुली होत्या नऊ. विद्यालयाच्या प्रमुखांनी या मुलींना जेवायला बोलावले आणि एकेकीला विचारले, की जी जागा एखाद्या पुरुषाला मिळाली असती ती तुम्ही का घेतलीत? त्या काळी तिथे एका वर्गात मुलींना एरवी प्रश्नच विचारत नसत. ठरावीक एका दिवशी साऱ्या मुलींना पुढे बसवून सर्वांदेखत विचारत. त्या दिवसाला नावही होते, 'लेडीज डे'. म्हणजे वर्षभर पाहुणी आणि एक दिवस तमाशा. वर्गात आपले नाव इतरांसारखे, कुठल्याही दिवशी, नकाशात बोट पडेल तसे घेतले जाणे, हा मान आहे. नात ज्याला भीत होती तो प्रश्न म्हणजे आधीच्या बायकांना न मिळालेला हक्क होता. हे मी तिला आगगाडीत सांगितले. ती म्हणाली, "आजी, मला हक्क हवाच आहे. फक्त अर्धे मिनिट जास्त हवे आहे." मला यावर उत्तर सुचले नाही.

तर तास संपला. प्राध्यापकांभोवती मुलांचा घोळका जमला. आम्हालाही त्यांच्याशी बोलायचे होते, पण ती वेळ पाहुण्याची नव्हे. मुलांना शंका असतात, पुढच्या तासाला पळायचे असते. आम्ही दुरूनच मान लववून बाहेर आलो. बाहेर दोनतीन विद्यार्थिनी आपणहून बोलायला आल्या. त्यांना काय विचारावे आणि काय विचारू नये, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. तुम्हाला एल्सॅटला किती मिळाले, पहिल्या सत्रात कितवा नंबर आला, कर्ज किती आहे, हे विचारू नये. दुसऱ्या विद्यालयाने आम्हाला अमुक शिष्यवृत्ती दिली आहे, अशी फुशारकी मारू नये. विचारावे ते असे : अभ्यास एकत्र करता का? आजारी पडून तास बुडाला तर टिपणे कोण देते? प्राध्यापक तासाबाहेर भेटतात का? नातीने हेच विचारले. आणि वर्गात कोण अडले होते, हे बाहेर कुणाजवळ बोललो नाही. आज इथे मी कुणाचे वा विद्यालयाचेही नाव घेतलेले नाही, ते याच कारणाने.

त्याच संध्याकाळी नातीने प्राध्यापकांना आभाराचे पत्र लिहिले. आठदहा ओळींचे. आजी मध्येच बोलली त्याबद्दल क्षमा मागितली. आणि मग लिहिले, की मी बोलताना चाचरते. तुमच्या वर्गात मी आले तर काय करावे? मी तिला म्हटले, "हे आताच कशाला सांगतेस? उगाच प्रवेशावर परिणाम व्हायचा." ती म्हणाली, "आजी, आज तोच तर खटला होता. कळवलेच नाही तर मग मागून तक्रार कशाची करायची?"

तिसऱ्या दिवशी उत्तर आले. प्रवेश मिळालेला आहे, त्यावर याचा परिणाम होत नाही, असे आधी लिहिले होते. विद्यालयात अशा विद्यार्थ्यांसाठी एक कार्यालय आहे, तिथे सत्रापूर्वी भेटावे, म्हणजे प्रत्येक प्राध्यापकाला योग्य ते कळवले जाईल. कुणाला आपली पाळी केव्हा येणार हे आदल्या दिवशी कळलेले बरे वाटते, कुणाला इतरांसारखेच एकदम विचारलेले हवे असते पण वेळ जास्त हवा असतो. तिने काय हवे ते सांगावे. आणि शेवटी, आजींनी वर्गाला सांगितले ते काय होते, असे कुतूहलाने विचारले होते. नातीने भाषांतर करून पाठवले.

तिने दुसऱ्या विद्यालयाला होकार दिला. घरात थोडी नाराजी झाली, नामांकित जागा सोडली म्हणून. एका तासावरून एवढा निर्णय घेऊ नये, हेही मी इथे स्पष्ट सांगते. ज्यांचा वर्ग आपण पाहिला ते प्राध्यापक पुढच्या वर्षी रजेवर असू शकतात. म्हणून जमल्यास दोन वर्ग पाहावेत, फीचा आणि नोकऱ्यांचा हिशेब वेगळा मांडावा. नातीनेही तो मांडला होता. त्या तासाने तिला एवढेच कळले की ती तिथे बोलू शकेल. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ती रुजू झाली. तिसऱ्या आठवड्यात तिचे नाव पुकारले. रात्री, म्हणजे आपल्या सकाळी, फोन आला. मी विचारले, "अडकलीस का गं?" म्हणाली, "हो, दोनदा. मग सांगितले." दुसरे काही बोलली नाही, पुढच्या दिवसाचे वाचायचे होते म्हणून फोन ठेवला.

इथल्या मुलींसाठी दोन शब्द सांगून संपवते. आपल्याकडे बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा असे कायद्याचे दोन अभ्यासक्रम आहेत, आणि महाराष्ट्रात त्यासाठी सामाईक प्रवेशपरीक्षा असते. आधी येऊन वर्गात बसून पाहण्याची रीत आपल्याकडे रूढ नाही. पण प्राचार्यांना नम्रपणे पत्र लिहून विचारायला काय हरकत आहे? नाही म्हणाले तर आपले काही गेले नाही. दुसरे, आपली न्यायालये सामान्यतः सर्वांना खुली असतात. काही प्रकरणे बंद दालनात चालतात, ती सोडून. एखाद्या दिवशी जावे, फोन बंद करून मागच्या बाकावर बसावे, न्यायाधीश आत येताच उभे राहावे, आपसात कुजबुजू नये. दोन तास ऐकले तरी हे काम आपल्याला रुचेल की नाही याचा अंदाज येतो. आणि तो गिरणीचा खटला ध्यानात ठेवा, कारण तो तुम्हालाही शिकायचा आहे. आपल्या १८७२ च्या करार कायद्यातले ७३ वे कलम त्याच नियमाचे आहे. मी परत आल्यावर मुद्दाम वाचून पाहिले. कलमाखालच्या उदाहरणांत एक गिरणीसुद्धा आहे. तिथे मात्र मालकाने यंत्र पोचवायला देताना गिरणी बंद आहे हे आधीच सांगितलेले आहे.

चिटणीसबाईंनी वीस मिनिटे दिली होती, ती केव्हाच संपली. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलेत, मध्ये कुणी बोलला नाहीत, हे माझ्याहून चांगले केलेत.